‘दिवे व पंख्यांसाठी’ असं छापलेला डिमर बोर्ड: तीन महिन्यांचा हिशेब

दिव्याचा उजेड आणि पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा एक डिमर बोर्ड मी घेतला. पाकिटावर छापलं होतं, ‘दिवे व पंख्यांसाठी’. त्यातला ‘दिवे’ हा शब्द थोड्या डागडुजीनंतर खरा ठरला. ‘पंख्यांसाठी’ हा शब्द ज्याने छापला, त्याने या बोर्डावर चालणाऱ्या पंख्याखाली एक रात्र झोपून दाखवावं. आईने तीन रात्री काढल्या. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “अरे, पंख्यात काहीतरी अडकलंय. भुंगा असल्यासारखं वाटतं.”

आधी हा उद्योग कशासाठी ते सांगतो. आईला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मोठा दिवा लावला की डोळे दिपतात, नाही लावला तर पाय अडखळतो. मोबाइलवर सरकपट्टी ओढून दिवा मंद करायचा हे तिला मान्य नाही. तिला हाताला लागणारं गोल बटण हवं होतं, पलंगाशेजारी. एक दिव्याचं, एक पंख्याचं. तयार वाय-फाय डिमर पाहिले, पण त्यांत हे असं नव्हतं. मी नोकरीत हिशेब तपासतो, सोल्डरिंग हा माझा रात्रीचा उद्योग. तेव्हा दोन एकेरी डिमर बोर्ड मागवले, मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कोड घालून चालवायचे छोटे संगणक, घरात पडून होतेच.

बोर्ड काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. एका बाजूला मेन्सचे, म्हणजे घरातल्या विजेचे, स्क्रू टर्मिनल, मध्ये ट्रायॅक (एसी वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), दोन ऑप्टोकपलर (मेन्स आणि नाजूक बाजू अलग ठेवून आतल्या उजेडाने खूण पोहोचवणारे भाग), आणि दुसऱ्या बाजूला चार पिना: व्हीसीसी (वीजपुरवठा), ग्राउंड, झेडसी (झिरो क्रॉसिंग) आणि पीडब्ल्यूएम (सिग्नल झटपट चालू-बंद करून सरासरी कमी-जास्त करायची रीत). ट्रायॅक बीटीए१६-६००बी. यातलं ‘बीटीए’ महत्त्वाचं, कारण या जातीत धातूचा पत्रा आतल्या विजेपासून अलग असतो. ‘बीटीबी’ असता तर तो पत्रा आणि त्याला जोडलेला हीटसिंक दोन्ही जिवंत राहिले असते. मी तरीही मल्टिमीटर लावून खात्री केली. छापलेल्या अक्षरांवर माझा विश्वास कमी आहे, आणि या बोर्डाने तो आणखी कमी केला.

कारण ती चौथी पिन. ‘पीडब्ल्यूएम’ असं छापलंय म्हटल्यावर कुणीही आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची, पीडब्ल्यूएम सुरू करणारी ॲनालॉगराइट आज्ञा देणारच. मीही दिली. नॉब शून्यावर असताना दिवा बंद. जरा हलवला की दिवा जवळजवळ पूर्ण उजेडात, आणि वर थरथर. पुढे नॉब कितीही फिरवा, उजेड तोच. अर्धा तास वायरी तपासल्या, मग कपाळावर हात मारला.

ट्रायॅक एकदा चालू झाला की गेटचा, म्हणजे त्याला पेटवणाऱ्या पायाचा, सिग्नल काढला तरी चालूच राहतो. त्यातला प्रवाह शून्यावर आला की मगच तो बंद होतो. मेन्सची लहर ५० हर्ट्झची असेल तर अर्धी लहर १० मिलिसेकंदांची, म्हणजे ही संधी सेकंदाला शंभर वेळा येते. उनोचा पीडब्ल्यूएम साधारण ४९० हर्ट्झचा, म्हणजे दर दोन मिलिसेकंदांनी गेटवर एक ठोका. म्हणून प्रत्येक अर्ध्या लहरीत पहिल्या दोन मिलिसेकंदांच्या आतच ट्रायॅक पेटतो आणि उरलेली सगळी लहर दिव्याला मिळते. दोन मिलिसेकंद उशीर झाला तरी दिव्याला ९५ टक्के शक्ती मिळतच असते, मग नॉब फिरवून फरक पडणार कुठून? थरथरही त्यातूनच येते. ४९० आणि १०० यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे सेकंदाला दहाच्या आसपास एक डोलणं उरतं, आणि ते डोळ्याला स्पष्ट दिसतं.

तेव्हा त्या पिनेवर ‘गेट’ असं छापायला हवं होतं. काम असं चालतं: झेडसी पिनेवर व्होल्टेज शून्यातून गेल्याची खूण येते, तिथून मायक्रोकंट्रोलरने ठरावीक वेळ थांबायचं आणि गेटवर छोटा पल्स द्यायचा. थांबणं जितकं लांब तितका दिवा मंद. एवढंच डिमरचं मर्म आहे, आणि पाकिटातल्या कागदावर त्याबद्दल एक ओळही नव्हती. होता तो फक्त त्यांच्या लायब्ररीचा, म्हणजे तयार कोडचा, पत्ता.

ती लायब्ररी घातली आणि दिवा खरंच मंद होऊ लागला. साठ वॉटचा तारेचा बल्ब होता, विटकरी रंगापासून पांढऱ्यापर्यंत झकास चढत गेला. नॉब शंभरपैकी ९५ वर नेला, छान. ९८ वर नेला आणि दिवा गप्पकन विझला.

हा दोष शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही हा बोर्ड घेतलात तर तुम्हालाही तो भेटेल. झेडसीची खूण म्हणजे एखादी बारीक रेघ नसते. ऑप्टोकपलरमधला दिवा पेटायला थोडं व्होल्टेज लागतं. ते शून्याजवळ आलं की आतला दिवा आधीच विझतो आणि शून्य ओलांडून थोडं पुढे गेल्यावर परत पेटतो. म्हणून पिनेवर जो पल्स दिसतो तो शून्याच्या आधी सुरू होतो आणि नंतर संपतो. लो-व्होल्टेज बाजूला लॉजिक ॲनालायझर (सिग्नलच्या वेळा नोंदणारं उपकरण) लावून पाहिलं तर माझ्या बोर्डावर त्याची रुंदी सव्वा मिलिसेकंद भरली. खरं शून्य त्याच्या मधोमध, म्हणजे चढत्या कडेनंतर (पल्स सुरू झाल्यावर) साधारण ०.६ मिलिसेकंदाने. लायब्ररी मात्र चढती कड हेच शून्य धरते. मग ‘पूर्ण उजेड’ मागितला की ती कड आल्याबरोबर गेट ठोकते, आणि त्या वेळी जुनी अर्धी लहर अजून संपलेली नसते. ट्रायॅक त्या उरल्यासुरल्या शेपटावर पेटतो, अर्ध्या मिलिसेकंदात शून्य येतं, तो विझतो, आणि पुढची अख्खी लहर कोरडी जाते.

उपाय एका ओळीचा. प्रत्येक वेळी ०.६ मिलिसेकंद जास्त थांबायचं. विक्रेत्याला हे लिहून कळवलं. उत्तर आलं, “कृपया आमची लायब्ररी वापरा.”

दुसरी गोष्ट उजेडाच्या चढणीची. लायब्ररी थांबण्याचा वेळ सरळ रेषेत वाटून टाकते: नॉब अर्धा तर ५ मिलिसेकंद. नेमका मध्यावर हिशेब जुळतो, कारण तारेच्या बल्बला तिथे निम्मी शक्ती मिळते. पण टोकांकडे बघा. १.६७ मिलिसेकंद थांबलात तरी ९७ टक्के शक्ती मिळते. ३.३३ ला ८० टक्के, ६.६७ ला २०, आणि ८.३३ ला जेमतेम ३. म्हणजे नॉबच्या पहिल्या आणि शेवटच्या सहाव्या भागात काहीच घडत नाही, आणि सगळी धावपळ मधल्या पट्ट्यात. आईला रात्री हवा असतो तो उजेड खालच्या टोकाला, जिथे नॉबचा एक केस हलला की फरक पडावा. मी शंभर आकड्यांचं कोष्टक करून कोडमध्ये घातलं. डोळ्यालाही मंद उजेडातला फरक जास्त कळतो, हे धरून खालचे आकडे मुद्दाम दाट ठेवले. हा भाग मला सगळ्यात आवडला, हिशेबनिसाचा स्वभाव म्हणा. तुमच्याकडे मेन्स ६० हर्ट्झची असेल तर अर्धी लहर ८.३३ मिलिसेकंदांची धरून हेच कोष्टक दाबून घ्यायचं.

मग उनो काढून त्या जागी ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर बसवला, कारण पुढे केव्हातरी हे घरातल्या बाकी गोष्टींना जोडायचं होतं. बोर्डावर ‘३.३ ते ५ व्होल्ट’ असं छापलंय. इथे तिसरी गंमत. दिवा चालायचा, पण अधूनमधून डोळा मिचकावल्यासारखा एकदा लुकलुकायचा. पावसाळी हवेत जास्त, असं मला वाटायचं. हवेचा काही संबंध नव्हता. भिंग लावून पाहिलं तर गेटच्या ऑप्टोकपलरशी ‘३३१’ लिहिलेला रेझिस्टर, म्हणजे ३३० ओहम. ऑप्टो एमओसी३०२१. त्याच्या आतल्या दिव्यावर साधारण १.२ व्होल्ट पडतात. पाच व्होल्टवर प्रवाह साडेअकरा मिलिअँपिअर होतो, ३.३ वर फक्त ६.४. आणि हा ऑप्टो नक्की पेटेल याची हमी उत्पादक देतो ती १५ मिलिअँपिअरला. उनोवरही तो खरं तर उधारीवर चालला होता, ईएसपीवर तर पुरताच. त्याच घराण्यातला एमओसी३०२३ ५ मिलिअँपिअरमध्ये भागवतो, तो बसवला असता तर प्रश्नच आला नसता. मी ३३० काढून १२० ओहम लावला, लुकलुक थांबली. पल्स अगदी छोटा असल्याने पिनेवर सरासरी भार नगण्य.

(कुणी जुन्या बोर्डातून काढलेला एमओसी३०४१ किंवा ३०६३ लावायचा विचार करत असेल तर थांबा. त्यांच्या पोटातच झिरो क्रॉसिंगची सोय असते, ते लहरीच्या मध्ये पेटतच नाहीत. हीटर चालू-बंद करायला उत्तम, डिमरला निरुपयोगी.)

लुकलुकीचं आणखी एक रूप उरलं होतं, आणि ते माझंच पाप. नॉब फिरवला की शेवटची पातळी मी फ्लॅश मेमरीत लिहून ठेवत होतो, वीज जाऊन आली तरी लक्षात राहावी म्हणून. ईएसपी३२ फ्लॅशमध्ये लिहीत असताना फ्लॅशमधला कोड चालू शकत नाही, त्यामुळे तिथे ठेवलेला इंटरप्ट, म्हणजे खूण येताच चालणारा कोडचा तुकडा, अडून बसतो. झेडसीची खूण हुकते, एक-दोन लहरी कोरड्या जातात, दिवा मिचकावतो. इंटरप्टचं फंक्शन रॅममध्ये हलवलं आणि नॉब पाच सेकंद स्थिर राहिल्यावर एकदाच लिहायचं असं ठरवलं. बोर्डाला यात बोल लावत नाही.

एलईडी बल्बांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मनासारखं काही निघालं नाही. साधा नऊ वॉटचा एलईडी लावला तर तो मंद होण्याऐवजी फडफडला आणि गुरगुरला. आतला कपॅसिटर क्षणभर प्रवाह ओढतो आणि भरला की गप्प बसतो. मग ट्रायॅकला चालू राहायला लागतो तेवढाही प्रवाह उरत नाही, तो सुटतो. सोळा अँपिअरचा ट्रायॅक चालू ठेवायला काही दशक मिलिअँपिअर लागतात आणि नऊ वॉटच्या बल्बाकडे तेवढे असतातच असं नाही. ‘डिमेबल’ लिहिलेला बल्ब बराच बरा वागला, पण खालच्या टोकाला तोही अडखळतो. एलईडीला लहरीची सुरुवात कापण्यापेक्षा शेवट कापणारा, मॉस्फेटवर (दुसऱ्या जातीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालणारा डिमर जास्त मानवतो. हा बोर्ड तसा नाही, तसा दावाही करत नाही. मी आईच्या खोलीत तारेचाच बल्ब ठेवला. रात्री तीन टक्क्यांवर जळतो, तिथे विजेचा विचार करण्यात अर्थ नाही. वर एक फायदा असा की तार थंड असताना तिचा रोध गरम असतानाच्या दहाव्या भागाच्याही खाली असतो, त्यामुळे एकदम पूर्ण दाबाने चालू केलं तर मोठा झटका बसतो. मी एका सेकंदात हळूहळू चढवतो. बल्बही टिकतो आणि आईचे डोळेही दिपत नाहीत.

आता पंखा.

छताचा पंखा म्हणजे कपॅसिटर लावलेली एकफेजी इंडक्शन मोटर. तिचा वेग व्होल्टेज कमी करून घटवता येतो, कारण व्होल्टेज घटलं की जोर त्याच्या वर्गाने घटतो. तेव्हा डिमरने पंखा हळू होणार हे तत्त्वतः बरोबर आहे, आणि झालाही. पहिल्या दिवशी मी खूश होतो. नॉब फिरवला, पंखा मंदावला, आईने वर पाहून मान डोलावली. रात्री घर शांत झाल्यावर आवाज ऐकू आला, घूंऽऽ असा, एकसुरी. पाच मिलिसेकंदांना चिरलेल्या लहरीत मूळ पन्नासच्या जोडीला तिप्पट, पाचपट हर्ट्झच्या लहरी घुसतात, मोटरचे पत्रे आणि वेटोळी त्यांवर थरथरतात आणि छताचा हुक ते सगळं स्लॅबला ऐकवतो. दिवसा रस्त्याच्या आवाजात काही कळत नाही.

पण गुणगुणण्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. वेगाचा एक ठरावीक पट्टा असा होता, साधारण ८५ ते ९५ च्या मध्ये, की तिथे पंखा एकदम घोगऱ्या आवाजात घुमायचा आणि हळूही व्हायचा. हात वर नेऊन मोटरच्या घुमटाला लावला तर वीस मिनिटांत चटका बसेल इतकी गरम. (पंखा आणि मेनस्विच बंद करून मगच हात लावला, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.) इथे मला पहिल्यांदा या बोर्डाची भीती वाटली.

कारण शोधलं ते असं. मोटरमध्ये प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. व्होल्टेज शून्य ओलांडून पुढे गेलं तरी मागच्या लहरीचा प्रवाह अजून वाहतच असतो, म्हणजे ट्रायॅक अजून चालूच असतो. अशा वेळी लायब्ररीने ‘लवकर पेटव’ म्हणून बारीकसा पल्स दिला तर तो फुकट जातो, आधीच पेटलेल्याला पेटवून काय मिळणार? पल्स संपतो, मग प्रवाह शून्यावर येतो, ट्रायॅक विझतो, आणि ती अर्धी लहर हुकते. पुढच्या लहरीला प्रवाह नसतो, म्हणून पल्स लागू पडतो. परिणाम असा की मोटरला एका बाजूच्याच लहरी मिळत राहतात. म्हणजे अर्धवट डीसी. इंडक्शन मोटरला डीसी म्हणजे एकाच वेळी ब्रेक आणि शेगडी.

यावर उपाय आहे आणि तो कोडमध्येच आहे: एकच बारीक पल्स देऊन थांबायचं नाही, पेटवायच्या क्षणापासून अर्धी लहर संपायच्या जरा आधीपर्यंत गेटवर सिग्नल धरून ठेवायचा, निदान पल्सांची माळ तरी लावायची. मागचा प्रवाह कधीही संपो, गेट तयार असतं. लायब्ररीत ही सोय नाही. पाकिटावर ‘पंख्यांसाठी’ छापणाऱ्याच्या लायब्ररीत नाही! मी हाताने लिहिली, घोगरा पट्टा नाहीसा झाला, मोटर कोमट राहू लागली.

दुसरा अपराध बोर्डाच्या पाठीवर. ट्रायॅकला समांतर स्नबर, म्हणजे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, यांच्यासाठी छापील जागा आहे, नावं आहेत, भोकं आहेत. भाग मात्र बसवलेलेच नाहीत. दिव्याला त्याचं फारसं अडत नाही. मोटरवर ट्रायॅक विझतो त्या क्षणी व्होल्टेज शून्यावर नसतं, ते एकदम त्याच्या अंगावर येतं, आणि त्या धक्क्याने तो न विचारता परत पेटू शकतो. मी १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ जातीचा, म्हणजे मेन्सवर लावण्यासाठी बनवलेला, कपॅसिटर लावला. दोन्ही बोर्डांवर लावला, आणि त्या रात्री आईने हाक मारली: “अरे, दिवा बंद केला तरी जळतोय की!” त्या दिवशी मी तारेचा बल्ब काढून एलईडी बल्ब पुन्हा तपासत होतो. ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टवर सात मिलिअँपिअर झिरपतात, तारेच्या बल्बला ते कळतही नाहीत, पण एलईडी तेवढ्यावर भुतासारखा मिणमिणत राहतो. दिव्याच्या बोर्डावरचा स्नबर काढून टाकला. यातून आणखी एक: हा बोर्ड ‘बंद’ असला तरी पुढची वायर मेलेली नसते. बल्ब बदलायचा तर भिंतीवरचा खरा स्विच बंद करूनच.

एवढं सगळं करूनही गुणगुण राहिलीच. ती लहर चिरण्यातूनच येते, कोडने जात नाही. शिवाय खालच्या वेगावर पंखा थांबलेल्या स्थितीतून सुटत नाही, नुसता तापत बसतो. त्यासाठी दोन सेकंद पूर्ण दाबाने ढकलून मग खाली आणावं लागतं, आणि अमुक एका पातळीखाली जाऊच द्यायचं नाही असं कोडमध्ये कुंपण घालावं लागतं.

तीन आठवड्यांनी मी पंख्याचा बोर्ड उतरवला. त्या जागी साधा जुना मार्ग घेतला, पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये असतो तोच: पंख्याच्या ओळीत कपॅसिटर. एक २.२ मायक्रोफॅरडचा, एक ३.३ चा, आणि तीन रिले (विजेने ओढले जाणारे स्विच). पहिला एकटा, दुसरा एकटा, दोन्ही मिळून ५.५, आणि चौथ्या वेगाला सरळ. कपॅसिटर लहर चिरत नाही, नुसतं व्होल्टेज वाटून घेतो, म्हणून मोटर गप्प. यात सावधगिरी दोनच. कपॅसिटर मेन्सच्या एसीसाठी बनवलेलेच हवेत, आणि प्रत्येकावर २२० किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर हवा. नाहीतर बंद केल्यावरही त्यात सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठा राहू शकतो आणि तो बोटातून रिकामा होतो. भरलेला कपॅसिटर रिकाम्याला एकदम जोडला की रिलेची टोकं चिकटतात, हे मला एक रिले गमावल्यावर कळलं. आता प्रत्येक कपॅसिटरच्या ओळीत २.२ ओहमचा जाड रेझिस्टर आहे, आणि एक रिले सोडल्यावर जरा थांबून दुसरा ओढतो. मायक्रोकंट्रोलरला यात हमालीचं काम उरतं. असू दे.

तुमचा पंखा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) असेल तर यातलं काहीच लावू नका, ना ट्रायॅक ना कपॅसिटर. त्याच्या आत स्वतःचा कंट्रोलर असतो, त्याला पूर्ण व्होल्टेज द्यायचं आणि त्याच्या रिमोटनेच बोलायचं.

सुरक्षिततेचे गुण वेगळे देतो, आणि इथे बोर्ड कमी पडतो. ऑप्टोकपलरच्या पोटाखाली बोर्डाला आरपार खाच नाही. वर लो-व्होल्टेज बाजूचा ग्राउंडचा तांब्याचा पट्टा त्याच्या पोटाखाली इतका आत शिरलाय की मेन्सच्या पायापासून मोजून तीन मिलिमीटरही अंतर उरत नाही. धूळ, दमट हवा आणि तीन मिलिमीटर, पलीकडे आईच्या हातातला नॉब. मी तो पट्टा धारदार पात्याने खरवडून सहा मिलिमीटरपर्यंत मागे नेला आणि नॉबला जाड प्लास्टिकची दांडी दिली. स्क्रूच्या एका भोकाला फेजची पट्टी चिकटून जाते, तिथे लोखंडी स्क्रू घातला तर डब्याला वीज येईल, म्हणून नायलॉनचे खांब. फ्यूज नाही, जादा व्होल्टेजचा झटका गिळणारा व्हॅरिस्टरही नाही, दोन्ही बाहेरून लावले. ‘१६ अँपिअर’ हा आकडा ट्रायॅकचा आहे, बोर्डाचा नाही. ट्रायॅकवर व्होल्टभर तरी पडतोच, म्हणजे १६ अँपिअरला त्या नखाएवढ्या पत्र्यातून सोळा वॉटच्या वर उष्णता बाहेर काढायची, आणि त्या बारीक तांब्याच्या पट्ट्यांनी तो प्रवाह वाहायचा. माझा बल्ब पाव अँपिअर घेतो, पंखा त्याहून थोडा जास्त. तिथे हीटसिंकही लागत नाही.

पहिल्यांदा वीज देताना सिरीजचा, म्हणजे बोर्डाच्या ओळीत जोडलेला, दिवा लावा, शंभर वॉटचा. काही चुकलं तर दिवा पेटेल, बोर्ड फुटणार नाही. आणि मेन्स जोडलेली असताना यूएसबीची वायर लॅपटॉपला नको. मी कोड वाय-फायवरून चढवतो. ऑसिलोस्कोपची ग्राउंडची चिमटी मेन्सच्या बाजूला लावायची नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी अजून काही दिवस पाच व्होल्टमध्येच रमावं.

गुण द्यायचे तर दिव्यासाठी पाचपैकी साडेतीन. ट्रायॅक खरा आहे, सोल्डरिंग स्वच्छ आहे, झेडसीची खूण रुंद असली तरी स्थिर आहे, तीन महिन्यांत एकदाही दगा नाही. दीड गुण चुकीच्या छापील नावाला, ३३० ओहमला आणि त्या तांब्याच्या पट्ट्याला गेला. पंख्यासाठी एक, आणि तोही स्नबरची भोकं पाडून ठेवल्याबद्दल. ज्याला झिरो क्रॉसिंग म्हणजे काय ते हाताने करून शिकायचंय त्याने जरूर घ्यावा, इतक्या चुका एका बोर्डात एकत्र सापडणं कठीण. ज्याला रविवारी दुपारी लावून संध्याकाळी वापरायचाय त्याने भिंतीतला तयार डिमर घ्यावा.

उतरवलेला दुसरा बोर्ड मी टाकला नाही. सोल्डरिंगच्या साध्या लोखंडाचं तापमान कमी-जास्त करायला तो टेबलावर लावलाय. तिथे ना कोष्टक लागतं, ना कुणाची झोप मोडते. आईला आता फक्त रिलेची ‘टक’ खटकते. परवा विचारत होती, “ही टक बंद होईल का रे?” आवाज न करणारा रिले मी शोधतोय.